डाव्या पायांची गौर

माझा उजवा हात आठ महिने रजेवर होता. मीही त्याच्याबरोबर घरी होते, पण माझी रजा शाळेनं मंजूर केली होती. त्यानं मात्र कोणालाच विचारलं नव्हतं.

ज्यांच्या घरात असा एखादा हात नुकताच रजेवर गेला आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. औषधांची नावं यात नाहीत, ती तुमचे डॉक्टर सांगतील. मी परळच्या एका शाळेत सत्तावीस वर्षं चित्रकला शिकवली. समोरच्याला गप्प बसवून आपलंच सांगत राहायची सवय आहे, तेवढी सांभाळून घ्या.

जगाचा कान

जानेवारीतला मंगळवार, सातवीचा तास. टेबलावर पाण्याचा जग आणि दोन पेरू मांडले होते. फळ्यावर जगाचा कान काढत असताना हातातला खडू पडला. उचलला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा खाली वाकले तर बोटं खडूवर नुसतीच टेकली, उचलायचं काही नाव घेईनात. मुलं हसली, कारण मी वर्गात अधूनमधून नकला करते आणि ही त्यातलीच एक असेल असं त्यांना वाटलं. मीही हसायला गेले, तर तोंड एकाच बाजूनं हसलं. पहिल्या बाकावरची एक मुलगी हसायची थांबली, आणि तिचा चेहरा बघून मला कळलं की काहीतरी बिनसलंय.

पी.टी.च्या सरांनी आणि शिपायांनी मला खुर्चीसकट उचलून टॅक्सीपर्यंत नेलं. परळमध्ये नोकरी करण्याचा एक फायदा असतो. इथे दगड भिरकावला तर तो हॉस्पिटलवरच पडतो. त्यामुळे मी वेळेत पोचले. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली होती आणि म्हणून उजवं अंग गेलं होतं. वेळेत आलात, वेळेत आलात, असं डॉक्टर दोन-तीनदा म्हणाले. मी जड जिभेनं एकच विचारलं, हाताचं काय? ते म्हणाले, पाय लवकर येईल, बोलणंही येईल. हात किती येईल, ते आज सांगता येणार नाही.

डॉक्टरांनी खोटा धीर दिला नाही, याबद्दल आज मी त्यांची ऋणी आहे. त्या दिवशी मात्र मनातल्या मनात त्यांना ज्या शिव्या घातल्या, त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

शेजारणीचा हात

हॉस्पिटलात दिवस लवकर उजाडतो. पाच वाजता चहा, सहाला अंग पुसणं, मग डॉक्टरांची फेरी, मग पुन्हा कोणीतरी येऊन ‘बोट हलवा बघू’ म्हणणार. मी सगळी ताकद लावायची, कपाळावर घाम यायचा आणि बोट ढिम्म. हात उशीवर ठेवलेला असायचा. तो माझा वाटतच नव्हता. शेजारच्या खाटेवरची बाई आपला हात विसरून गेली असावी असं वाटायचं.

सगळ्यात वाईट वेळ दुपारची. भेटणारे निघून गेलेले, पंखा फिरतोय, आणि डोक्यात एकच गोष्ट. खडू धरता आला नाही तर मी कोण? चित्रकलेच्या बाईंचा हात गेला म्हणजे बाईंकडे उरलं काय? तोंड. ते आधीपासूनच जास्त होतं, असं माझा नवरा विजय म्हणेल. त्या दुपारी मी खूप रडले, हेही सांगून टाकते. रडल्यानं काही बिघडत नाही, फक्त एका हातानं नाक पुसायला शिकावं लागतं.

आणि एक गोष्ट सांगायलाच हवी. आमच्या सासूबाई मूळच्या मालवणकडच्या, वय ब्याऐंशी, लालबागच्या चाळीत त्यांचं साठ वर्षांचं राज्य. डाव्या हातानं पाणी दिलं तरी त्या घ्यायच्या नाहीत. त्या डबा घेऊन आल्या तेव्हा मला डाव्या हातानं भात खाताना लाज वाटली. मी मान खाली घातली. वर बघते तर सासूबाईंनी आपल्या ताटलीत भात वाढून घेतला होता आणि त्या डाव्या हातानं कालवत होत्या. निम्मा भात पदरावर सांडला. तशाच दोघी जेवलो.

तिसरा मजला

अकराव्या दिवशी घरी सोडलं. आमची चाळ जुनी, खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. विजय आणि शेजारचे दोघे मला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून वर घेऊन आले. प्रत्येक मजल्याच्या गॅलरीत लोक उभे होते आणि प्रत्येकाकडे एक सल्ला होता. कबुतराच्या रक्तानं मालिश करा म्हणणारे दोन निघाले. मी वरून हात जोडायला गेले तर एकच हात वर गेला, तो आशीर्वादासारखा दिसला. लोकांनी वाकून नमस्कार केला नाही हेच नशीब.

हाताचे व्यायाम शिकवायला प्राची नावाची मुलगी आठवड्यातून दोनदा यायची. एप्रिलपर्यंत मी काठीशिवाय चालू लागले, जीभ तर पूर्ववत झाली. हात खांद्यापासून उचलला जायचा, कोपरात वाकायचा, बोटं थोडी हलायची. पण मूठ वळत नव्हती. प्राची हातात खडू ठेवायची, मी बोटं आवळायची, आणि खडू फरशीवर. मूठ वळल्याशिवाय खडू नाही, आणि खडूशिवाय शाळा नाही.

मुख्याध्यापिका बाई भेटायला आल्या. भल्या आहेत. म्हणाल्या, दिवाळीपर्यंत बदली शिक्षिका आहे, पुढचं तुम्ही गणपतीच्या सुमाराला कळवा. त्या गेल्यावर विजयनं कपाटातून एक कागद काढला. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज. कधीचा आणून ठेवला होता. त्याचा हेतू चांगला होता, हे आज कळतं. बायको दिवसभर एक खडू उचलते आणि पाडते, हे त्याला बघवत नव्हतं. पण मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. घर दोन खोल्यांचं, त्यात न बोलणं म्हणजे मोठी कसरत असते.

छापे

आमची मुलगी सायली चोवीस वर्षांची. ऑफिसात नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी कागदाचं काहीबाही करत बसते. जाड कागदावर वर्तमानपत्राचे तुकडे चिकटवायचे, वर स्टेन्सिल ठेवून त्यातून पांढरी घट्ट पेस्ट पसरायची, ती वाळली की उठावाची नक्षी तयार होते, मग तिच्यावर रंग. टेक्स्चर पेस्ट म्हणतात तिला. त्यातून ती वह्यांची कव्हरं करते, वाढदिवसाची कार्डं करते. मी हे सगळं कधी धड पाहिलंच नव्हतं. स्टेन्सिल म्हणजे दुसऱ्यानं कापून दिलेलं चित्र. माझ्या वर्गात कोणी स्टेन्सिल आणली तर मी ती जप्त करायची. सायली लहान असताना तिचीही केली होती.

मे महिन्यातल्या एका रविवारी तिनं तिचा डबा माझ्यासमोर उघडला. म्हणाली, मम्मी, यात रेघ तुला काढायची नाही, रेघ स्टेन्सिल सांभाळते. तू फक्त पेस्ट ओढायची. मी म्हटलं, ही चित्रकला नव्हे, हे छापे मारणं आहे, आणि मी अजून इतकी खाली आलेली नाही.

सायलीनं एक स्टेन्सिल काढून माझ्यापुढे ठेवली. मग म्हणाली, “मम्मी, तुला सध्या छापा तरी येतो का?”

विजय स्वयंपाकघरातून बाहेर आला आणि पुन्हा आत गेला. मला भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त वाईट याचं वाटलं की ती खरं बोलली होती. मग तीच रडायला लागली, मग मी. सासूबाई कॉटवरून म्हणाल्या, रडून झालं की चहा टाका. चहा झाला, आणि मी म्हटलं, आण तुझी ती पेस्ट.

घावन नको, श्रीखंड

सायलीची पेस्टची बाटली आठ दिवसांत संपली, कारण माझी निम्मी पेस्ट टेबलावर जायची. मग आम्ही ती घरीच करायला लागलो. खडूची पूड, पांढरा गोंद, थोडा पांढरा रंग. खडू तर माझ्याकडे जन्माचे पुरतील इतके. ते कुटायचं काम सासूबाईंनी आपणहून घेतलं. खलबत्ता मांडीत घेऊन बसायच्या आणि खोलीभर वर्गासारखा वास सुटायचा. पहिल्यांदा मिश्रण पातळ झालं, स्टेन्सिलच्या खालून सगळीकडे पसरलं. सासूबाईंनी त्यात बोट बुडवून बघितलं आणि निकाल दिला.

“ह्या घावनाचा पीठ झाला. श्रीखंड व्हया.”

तेव्हापासून आमच्या घरात पेस्टचं माप तेच. पुढे प्राचीनं हे तिच्या दुसऱ्या पेशंटांनाही सांगितलं म्हणे.

आता काम कसं करायचं ते सांगते, कारण हे तुम्हाला उपयोगी पडेल. पेस्ट पसरायची मूठ असलेली पाती मला धरता येईना, म्हणून सायलीनं जुन्या प्लॅस्टिकच्या कार्डाला रबरबँड लावला आणि तो माझ्या बोटांत अडकवला. हात वरून खाली ओढायचा, बस्स. खांद्यातून ओढला तरी चालतं. हात थरथरला तरी नक्षीला कळत नाही. मग स्टेन्सिल सरळ वर उचलायची, आणि खाली पान, फूल, जाळी, जे काय असेल ते, अगदी नीट उठून आलेलं असतं. पहिलं पान असं उठून आलं तेव्हा मी इतक्या मोठ्यानं ओरडले की शेजारीण काय झालं म्हणून धावत आली. सत्तावीस वर्षं चित्रं काढली, पण एका पानाचा इतका आनंद मला आधी कधी झाला नव्हता.

मग मला वेडच लागलं. हॉस्पिटलचं उरलेलं गॉझचं जाळीदार कापड कागदावर चिकटवलं, त्यावर निळा रंग दिला की समुद्राचं पाणी व्हायचं. गोळ्यांची रिकामी पाकिटं कापून माशांचे खवले केले. विजय, ज्याला हिरवा आणि पोपटी यांतला फरक कळत नाही, तो ऑफिसातून येताना विचारायला लागला, आज काय केलंस? तो अर्ज कपाटात तसाच होता, पण त्याचं नाव तो काढेना. जूनमध्ये रबरबँड सैल केला. जुलैत काढला. कार्ड आता तीन बोटं आणि अंगठा यांत राहायचं. मूठ मात्र अजून अर्धीच वळत होती. हातात लिंबू धरल्यासारखी पोकळ राहायची.

एक्स-रेची गौर

आमच्याकडे गौरीला दारापासून मखरापर्यंत पावलं काढतात. इतकी वर्षं ती मीच काढली, ब्रशनं, एकदम रेखीव. शेजारपाजारचे बघायला यायचे आणि मी ‘त्यात काय एवढं’ असं म्हणायची, म्हणजे खोटं बोलायची. या वर्षी विजय म्हणाला, बाजारातून स्टिकर आणू. मी म्हटलं, पावलं माझ्याच उजव्या हातची पडतील. त्यानंतर शाळेचं काय ते ठरवीन.

चांगली जाड स्टेन्सिल हवी होती. सायलीनं सासूबाईंच्या गुडघ्याचा जुना एक्स-रे काढला आणि त्या फिल्ममधून पाऊल कापलं. विजय म्हणाला, अरे, डॉक्टर फाइल मागतील. सासूबाई म्हणाल्या, तो गुडघा आता कोणी बघणार नाही. मला एका हातानं स्टेन्सिल धरून दुसऱ्यानं पेस्ट ओढता येत नव्हती, म्हणून सायलीनं ती एका पाटीवर टेपनं पक्की केली. कागद खालून सरकवायचा, पेस्ट ओढायची, कागद काढून घ्यायचा, स्टेन्सिल तिथेच ओल्या फडक्यानं पुसायची.

नऊ दिवस, रोज एक पाऊल. हातकागदासारखा खरखरीत लाल कागद, त्यावर उठावाचं पाऊल, वाळलं की बोटानं सोनेरी रंग चोळायचा. झालं की साडीच्या खोक्यात ठेवून द्यायचं, वर पातळ कागद. काय सुंदर झाली होती म्हणून सांगू. नवव्या दिवशी मी खोकं बंद केलं आणि अभिमानानं फुगून बसले.

गौरीच्या दिवशी विजयनं खोकं उघडलं आणि दारापासून एकेक पाऊल मांडत आत आला. चौथं मांडल्यावर तो थांबला. पाचवं हातात घेऊन त्यानं ते फिरवून बघितलं. नंतर सहावं. मग माझ्याकडे बघायला लागला.

सगळी पावलं डाव्या पायाची होती. नऊच्या नऊ.

स्टेन्सिल उलटी केली की उजवं पाऊल होतं, हे शाळेतलं पोरही सांगेल. मला वाटलं सायली मधे ती उलटून चिकटवेल. सायलीला वाटलं मम्मी चित्रकलेची बाई आहे, मम्मी सांगेल. आणि मी नऊ दिवस पावलाकडे पाहिलंच नव्हतं. मी हाताकडे पाहत होते.

 सायलीचा चेहरा रडवेला झाला. तेवढ्यात सासूबाई कॉटवरून पुढे झुकल्या, रांगेवरून नजर फिरवली आणि म्हणाल्या, “गो, ही गवर लंगडी घालीत इली.”

आधी विजय हसला. मग जे काही झालं त्याला हसणं म्हणत नाहीत. मी भिंतीला टेकून पोट दुखेपर्यंत हसले, आणि हसताना लक्षात आलं की तोंड दोन्ही बाजूंनी हसतंय. आठ महिने एका पायावर जोर देऊन चालणाऱ्या बाईच्या घरी गौर तरी दुसरी कशी येणार?

पण पावलं तर पुरी हवीत. खालच्या नळावर तेरड्याची गौर घेऊन बायका तयार होत्या, सायलीनंच तिला वर आणायची होती. सायली म्हणाली, मी पळत जाऊन स्टिकर आणते. गणपतीत लालबागमध्ये पळत जाऊन काही आणणं म्हणजे दिवाळीलाच परत येणं. पेस्ट वाळायला चार तास लागतात. सासूबाईंनी विजयला तांदळाचं पीठ कालवायला सांगितलं आणि वाटी माझ्यापुढे ठेवायला लावली.

मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांनी मला त्यांच्या गावची रीत दाखवली होती. मूठ वळायची, करंगळीकडची कड पिठात बुडवायची आणि जमिनीवर टेकवायची, की पाऊल उमटतं. मग बोटाच्या टोकानं पाच ठिपके दिले की झाली बोटं. डाव्या मुठीनं डावं पाऊल येतं, उजव्या मुठीनं उजवं. मी तेव्हा नाक मुरडून ब्रश मागितला होता.

“सासूबाई, माझी मूठ वळत नाही,” मी म्हटलं.

“वळात तितकी वळ,” त्या म्हणाल्या. “गवरीक काय परीक्षा घेवची नाय.”

मी जमिनीवर बसले. आजारानंतर पहिल्यांदाच. पहिलं उजवं पाऊल बदकाचं झालं. दुसऱ्याच्या मधोमध भोक राहिलं. तिसऱ्याला बोटं सहा पडली, कारण पिठाचं बोट मधेच जमिनीला टेकलं. सायली गुडघ्यावर बसून माझ्याबरोबर सरकत होती, वाटी पुढे करत. चौथं बरं होतं. पाचव्याला मी दात आवळून मूठ दाबली आणि तळव्यात काहीतरी टोचलं. मी दचकून हात उघडला. काही नव्हतं. पुन्हा मिटला, पुन्हा टोचलं. माझी नखं होती. आठ महिन्यांत पहिल्यांदा माझी नखं माझ्या तळव्याला लागली होती. खडू धरायला याहून जास्त काही लागत नाही, हे मला प्राचीनं किमान शंभरदा सांगितलं होतं. मी विजयकडे बघितलं आणि मूठ वर करून दाखवली. तो कपाटाकडे गेला, तो अर्ज काढला आणि फाडला. मग पुन्हा येऊन पिठाची वाटी भरून दिली.

नऊ झाली. प्रत्येक सोनेरी डाव्या पावलाशेजारी एक पांढरं, फेंगडं, ओलं उजवं पाऊल. सायली हात धुऊन खाली धावली.

थोड्या वेळानं ती दारात उभी राहिली, हातात तेरड्याची जुडी, मागे चाळीतल्या बायका. सासूबाईंनी रीतीप्रमाणे आतून विचारलं, “गवर कसल्या पावलांनी इली?”

याचं उत्तर ठरलेलं असतं, सोन्याच्या पावलांनी. सायलीनं खाली बघितलं, त्या पांढऱ्या ओल्या पावलांकडे, आणि नंतर माझ्याकडे. मग म्हणाली, “मम्मीच्या उजव्या हाताच्या पावलांनी.”

“मगे येव दे भितर,” सासूबाई म्हणाल्या.